नवोदित गायक, कठोर व्यवस्थापक आणि कराराचा कागद

कलाकार-व्यवस्थापक म्हणजे गायकाच्या वतीने कार्यक्रम मिळवणारा, मानधन ठरवणारा, तारखांचा मेळ घालणारा आणि या कामाच्या मोबदल्यात मिळकतीचा ठरावीक हिस्सा घेणारा मध्यस्थ होय. भारतीय करार अधिनियम, १८७२ अशा मध्यस्थाला 'एजंट' मानतो आणि ज्याच्या वतीने तो व्यवहार करतो त्या गायकाला मुख्य पक्ष मानतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने गायक धनी आहे आणि व्यवस्थापक त्याचा प्रतिनिधी. व्यवहारात मात्र हे नाते बहुधा उलटे चालते, कारण ओळखी, फोन नंबर आणि पैशाची आवक या तिन्ही गोष्टी प्रतिनिधीच्या हातात असतात आणि धनी नुकताच विशीत आलेला असतो. व्यवस्थापक कठोर असणे हा दोष नव्हे. ठरलेले मानधन बुडवू पाहणाऱ्या आयोजकाशी भांडायला, फुकट 'दोन गाणी म्हणा' असा आग्रह धरणाऱ्यांना नकार द्यायला असाच माणूस लागतो. प्रश्न एवढाच असतो की त्याचा कठोरपणा बाहेरच्यांवर चालतो की खुद्द गायकावर, आणि तो गायकावर चालू नये याची तजवीज स्वभावाच्या भरवशावर नव्हे तर कराराच्या कलमांत करावी लागते.

पुण्याजवळच्या वाकडसारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आलेले हे मूळचे शेतकरी गाव आज हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या दारात उभे आहे, त्यामुळे एकाच परिसरात गाण्याला तीन निरनिराळे यजमान भेटतात. पहिला यजमान गावकी: चैत्र पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचे बगाड निघते आणि यात्रेच्या निमित्ताने कार्यक्रम ठरवले जातात. दुसरा यजमान गृहसंस्था, ज्यांच्या गणेशोत्सव व नवरात्राच्या समित्या वर्गणीच्या पैशातून ऑर्केस्ट्रा बोलावतात. तिसरा यजमान कंपन्या व उपाहारगृहे, ज्यांचा व्यवहार 'इव्हेंटवाल्या' संस्थांमार्फत, बिलावर आणि महिना-दोन महिन्यांच्या उधारीवर चालतो. या तिघांशी तीन वेगळ्या भाषांत बोलावे लागते, आणि रियाज सांभाळून हे सर्व करणे एकट्या गायकाला जमत नाही; तेथून मध्यस्थाची गरज निर्माण होते. चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह किंवा पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर येथे स्वतःच्या नावाचा तिकीट लावलेला कार्यक्रम व्हावा, हे ज्याचे स्वप्न आहे त्याला तर व्यवस्थापक लागतोच.

मराठी रंगभूमीच्या इतिहासात या नात्याचे दोन्ही धोके एकाच गायकाच्या आयुष्यात दिसतात. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि काही वर्षांतच मंडळीचे सर्वांत मोठे आकर्षण ठरले. परंतु शंकरराव मुजुमदार यांच्या हाती असलेल्या कारभाराविषयी नाराजी वाढत जाऊन १९१३ मध्ये ते गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडले आणि तिघांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. कथा येथे संपत नाही, आणि नवोदितांनी पुढचा भागच लक्षपूर्वक वाचला पाहिजे. यथावकाश टेंबे गेले, बोडस गेले, मंडळी एकट्या नारायणरावांची झाली, आणि भरजरी शालू, उंची अत्तरे, महागडे देखावे यांवर हात सैल सुटलेला असताना हिशेबाकडे पाहणारे कोणी न उरल्यामुळे कर्ज लाखाच्या घरात गेले. ज्याच्या गाण्यावर महाराष्ट्र वेडा झाला होता, त्याला गाऊन कर्ज फेडावे लागले. दुसऱ्याच्या कारभारातून सुटका म्हणजे कारभारातून सुटका नव्हे, हे ज्याला कळत नाही तो एका कडक व्यवस्थापकाला सोडून दुसऱ्या अधिक गोडबोल्या व्यवस्थापकाकडे जातो.

करारातील पहिला मुद्दा टक्केवारीचा, आणि येथे नवोदित गायक बहुधा चुकीच्या आकड्याकडे पाहतो. व्यवस्थापकाचा हिस्सा जगात सामान्यतः १५ ते २० टक्के मानला जातो. परंतु तो कशावर मोजायचा हे टक्क्यापेक्षा महत्त्वाचे असते. उदाहरणादाखल एका सोसायटीच्या कार्यक्रमाचे मानधन ६०,००० रुपये ठरले, त्यातून की-बोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या साथीदारांना २४,००० आणि प्रवास व जेवणाला ४,००० रुपये गेले, असे धरू. वीस टक्के 'एकूण रकमेवर' असतील तर व्यवस्थापक १२,००० घेतो आणि गायकाला २०,००० उरतात; तेच वीस टक्के 'खर्च वजा जाता उरलेल्या' ३२,००० रुपयांवर असतील तर व्यवस्थापकाला ६,४०० आणि गायकाला २५,६०० मिळतात. एका कार्यक्रमामागे ५,६०० रुपयांचा हा फरक वर्षाला चाळीस कार्यक्रम धरले तर २,२४,००० रुपयांवर जातो, आणि तो करारातील दोन-तीन शब्दांवर अवलंबून असतो. अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेस्लीच्या व्यवस्थापकाने, कर्नल टॉम पार्करने, आपला हिस्सा २५ टक्क्यांवरून वाढवत ५० टक्क्यांपर्यंत नेला होता, आणि १९७३ मध्ये तोवरच्या ध्वनिमुद्रणांची भविष्यातील रॉयल्टी सुमारे ५४ लाख डॉलरला विकून टाकली होती. गायकाच्या मृत्यूनंतर न्यायालयाने नेमलेल्या वकिलाने हिशेब उघडले तेव्हा या व्यवहारांवर कठोर ताशेरे ओढले गेले. जगातील सर्वांत लोकप्रिय गायकाला जर कागद वाचण्याची उसंत मिळाली नसेल, तर वाकडच्या गायकाने ती मुद्दाम काढलेली बरी.

दुसरा मुद्दा उचलीचा. नारायणगाव ही तमाशाची पंढरी मानली जाते. यात्रांच्या हंगामाआधी तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचा सौदा, ठरवतात आणि बयाणा, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देऊन जातात. याच व्यवस्थेत कलावंतही फडमालकाकडून उचल घेत आले आहेत. उचल म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली अशी रक्कम, जी पुढे कामातून फिटायची असते आणि फिटेपर्यंत दुसऱ्या फडात जाता येत नाही. आजच्या व्यवस्थापन-करारात हीच उचल 'गुंतवणूक' या नावाने येते. गाण्याचा व्हिडिओ, कपडे, छायाचित्रे, रील्सची जाहिरात या सर्वांचा खर्च व्यवस्थापक करतो, तो उपकार म्हणून सांगितला जातो, आणि कराराच्या मागच्या पानावर तो 'वसुलीयोग्य खर्च', म्हणजे गायकाच्या मिळकतीतून आधी वळता करून घ्यायची रक्कम, म्हणून नोंदलेला असतो. हे गैर नाही, पण त्याला कुंपण हवे. ठरावीक रकमेवरील प्रत्येक खर्चाला गायकाची लेखी संमती असावी, मग ती व्हॉट्सॲपवरील संदेशाची का असेना. खर्चाची पावती दाखवली जावी. वसुली केवळ त्या कामातून येणाऱ्या मिळकतीतून व्हावी. आणि करार संपल्यावर उरलेली बाकी गायकाच्या खिशातून मागितली जाणार नाही, असे स्पष्ट लिहिलेले असावे. या शेवटच्या वाक्याला जो व्यवस्थापक तयार होत नाही, तो व्यवस्थापक नसून सावकार आहे.

पैसा कोणाच्या खात्यात येतो, हा तिसरा मुद्दा, आणि प्रस्तुत लेखाच्या मते सर्वांत निर्णायक. आयोजकाकडून ९०,००० घ्यायचे, गायकाला ६०,००० सांगायचे आणि त्यावर पुन्हा टक्केवारी कापायची, ही या धंद्यातील जुनी रीत आहे. करार अधिनियमाचे कलम २१३ एजंटला मागणी होताच हिशेब देण्याचे बंधन घालते, कलम २१८ मिळालेली रक्कम धन्याला द्यायला लावते, आणि कलम २१६ नुसार एजंटाने धन्याच्या नकळत स्वतःसाठी व्यवहार केला तर त्यातला फायदा धनी मागू शकतो. परंतु हक्क असणे आणि फरक कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक कळण्याचा सोपा मार्ग आयकराच्या व्यवस्थेतच आहे. कंपनी किंवा इव्हेंट संस्था मानधन देताना उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, करते आणि ज्याच्या पॅनवर ती कपात होते त्याला आयकर संकेतस्थळावरील वार्षिक माहितीपत्रकात (एआयएस) देणाऱ्याचे नाव आणि दिलेली रक्कम दिसते. मानधन थेट गायकाच्या खात्यात येऊन व्यवस्थापकाने आपल्या हिश्श्याचे बिल गायकाला द्यावे, अशी रचना असेल तर आयोजकाने किती दिले हे गायकाला सरकारी नोंदीतूनच पडताळता येते. उलट सगळे पैसे व्यवस्थापकाच्या संस्थेकडे गेले तर टीडीएस तिच्या पॅनवर पडतो आणि गायकाला दिसते ती केवळ त्या संस्थेने दाखवलेली रक्कम. गावकीच्या कार्यक्रमांत रोखीचा व्यवहार असल्याने हा मार्ग चालत नाही. तेथे सुपारीच्या कागदावर गायकाची सही घेतल्याशिवाय मानधन पक्के होणार नाही, अशी अट उपयोगी पडते.

चौथा मुद्दा बांधिलकीचा. 'अनन्य' करार म्हणजे मुदतीत दुसऱ्या कोणामार्फत काम न करण्याचे वचन. असे वचन मोडले तर न्यायालय गायकाला गायला लावू शकत नाही, कारण व्यक्तिगत कौशल्यावर अवलंबून असलेल्या कामाची सक्तीने अंमलबजावणी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मान्य करत नाही; परंतु दुसरीकडे गाण्यास मात्र मनाई करू शकते. या तत्त्वाचे मूळ एका गायिकेच्याच खटल्यात आहे: १८५२ मध्ये लंडनचे नाट्यगृहचालक बेंजामिन लम्ली यांच्याशी करार केलेल्या योहाना वाग्नर अधिक मानधनासाठी प्रतिस्पर्धी नाट्यगृहाकडे निघाल्या, तेव्हा न्यायालयाने त्यांना लम्लींकडे गाण्याची सक्ती केली नाही, मात्र अन्यत्र गाण्यास बंदी घातली. म्हणून मुदत हा विषय साधा नव्हे. पाच वर्षांचा अनन्य करार म्हणजे बिघडलेल्या नात्यात पाच वर्षे घरी बसण्याची शक्यता, आणि तरुण गायकाच्या प्रसिद्धीला पाच वर्षे फार होतात. सुरुवात एका वर्षाने करावी, आपोआप नूतनीकरणाचे कलम काढायला लावावे, आणि ठरावीक काळात ठरावीक कार्यक्रम किंवा मिळकत व्यवस्थापकाने मिळवून न दिल्यास तीस किंवा साठ दिवसांच्या नोटिशीने करार संपेल, असे लिहून घ्यावे.

मुदत संपल्यानंतरच्या बंधनाची गोष्ट निराळी आहे. अनेक छापील करारांत 'मुदतीनंतर दुसरा प्रस्ताव आला तर त्याच अटींवर पहिली संधी आम्हाला द्यावी लागेल' असे वाक्य असते, आणि ते वाचून गायक घाबरून राहतात. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान याच्याशी २००० साली झालेल्या तीन वर्षांच्या करारात परसेप्ट डी'मार्क या कंपनीने असेच कलम घातले होते. वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये ते कलम, मुदत संपल्यानंतर लागू करता, व्यवसायस्वातंत्र्यावर बंधन घालणारे करार रद्दबातल ठरवणाऱ्या कलम २७ च्या विरुद्ध जाते, असा निर्वाळा मिळाला. खेळाडूला लागू पडलेले हे तत्त्व गायकालाही लागू पडते. मात्र त्याचा अर्थ व्यवस्थापकाचे काहीच देणे उरत नाही असा नाही: मुदतीत त्याने ठरवून ठेवलेल्या पण नंतर होणाऱ्या कार्यक्रमांवरील हिस्सा त्याला मिळणे न्याय्यच आहे, आणि तो दर सहा महिन्यांनी उतरत जाऊन वर्ष-दीड वर्षात संपेल अशी रचना दोघांच्याही हिताची ठरते.

गाण्याच्या हक्कांविषयी बोलायचे तर एक जुनी आठवण महाराष्ट्राने जपलेली बरी. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील गाण्याच्या तबकडीवर प्रथम लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, पडद्यावरील पात्राचे 'कामिनी' हे नाव होते. पुढे नावासाठी आणि साठच्या दशकात रॉयल्टीसाठी त्यांनी आग्रह धरला, आणि रॉयल्टीच्या प्रश्नावर गायक महंमद रफी यांच्याशी त्यांचे मतभेदही झाले. तेव्हा ज्या गोष्टीसाठी भांडावे लागले ती आज कायद्यात आहे: स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने 'प्रयोगकर्त्याचा हक्क', म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा आपल्या सादरीकरणावरील, आज ५० वर्षे टिकणारा हक्क, आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याला श्रेयनामाचा नैतिक हक्क व व्यावसायिक वापरातील रॉयल्टीचा हक्क स्पष्ट झाला. गायकांच्या वतीने ही रॉयल्टी गोळा करण्यासाठी २०१३ मध्ये 'इस्रा' ही संस्था नोंदली गेली. गीत किंवा चाल स्वतःची असेल तर त्याचे हक्क वेगळे असतात आणि त्यासाठी १९६९ पासून 'आयपीआरएस' ही संस्था आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत धरतो. म्हणूनच अनुभवी व्यवस्थापक 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' हे शब्द विसरत नाहीत. गायकाने ते पाहताच पेन खाली ठेवावे.

याला जोडूनच, यूट्यूब वाहिनी आणि इन्स्टाग्रामचे खाते कोणाच्या ईमेलवर उघडले आहे, ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, जाहिरातीचे पैसे कोणाच्या पॅनशी जोडले आहेत, हे पहिल्याच दिवशी पाहावे. लाखभर अनुयायी जमल्यावर पासवर्ड मागणे अवघड होते. रंगमंचावरील नाव व्यवस्थापकाने स्वतःच्या नावे व्यापारचिन्ह कायद्याखाली नोंदवून ठेवण्याचाही धोका असतो. मनोरंजन सेवेसाठी वर्ग ४१ मध्ये व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे, आणि हा खर्च पहिल्या मोठ्या मानधनातून करून टाकणे शहाणपणाचे.

गायक अज्ञान असेल, म्हणजे १८ वर्षांखालील असेल, तर सर्व गणित बदलते. वाकडपासून फार दूर नसलेल्या आळंदीची कार्तिकी गायकवाड २००९ मध्ये 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची विजेती ठरली, तेव्हापासून या पट्ट्यातील अनेक पालकांच्या मनात तशी इच्छा जागी झाली असल्यास नवल नाही. परंतु अज्ञानाचा करार १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून निरर्थक मानला जातो, आणि १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज रानी विरुद्ध प्रेम अदीब या प्रकरणात अज्ञान मुलीच्या वतीने वडिलांनी केलेला चित्रपटात काम करण्याचा करारही टिकत नाही, असे ठरवले. म्हणजे समोरचा पक्ष मुलाला बांधू शकत नाही, पण मुलगाही मानधनासाठी त्या कागदावर उभा राहू शकत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत पैसे कामाआधी घ्यावेत, कागदावर विसंबू नये. चौदा वर्षांखालील बालकलाकारांसाठी २०१७ चे नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा अधिक नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक नाही, आणि मिळकतीचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत. हे नियम पाळा असे सांगितल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्या हाती मूल देऊ नये.

काही गोष्टी लहान दिसतात, पण त्यांचीही तजवीज आधीच करावी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि सणांसाठी वर्षात मोजकेच दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. पोलिसांनी कार्यक्रम मध्येच थांबवला तर मानधन पूर्ण की अर्धे, हे सुपारीच्या कागदावर आधीच असावे. गायिका असेल तर रात्रीच्या परतीच्या वाहनाची जबाबदारी कोणाची, हेही लिहावे. वादाचे ठिकाण पुणे असावे, दिल्ली किंवा बंगळूरु नव्हे. आणि कोणत्याही परिस्थितीत 'तारण' म्हणून कोरे धनादेश किंवा सही केलेला कोरा मुद्रांक देऊ नये, कारण सही केलेल्या धनादेशावर देणे असल्याचे कायदा गृहीत धरतो आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावर पडते. करारासाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभराऐवजी किमान पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो. त्या पाचशे रुपयांसाठी करार तोंडी ठेवू पाहणारा व्यवस्थापक पुढे लाखांचा हिशेब लेखी देईल, अशी अपेक्षा करू नये.

वकिलाची फी परवडत नाही ही सबब मात्र बहुतेक नवोदितांना उरत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया आणि १८ वर्षांखालील मुले यांना उत्पन्नाची कोणतीही अट न लावता, आणि इतरांना ठरवून दिलेल्या उत्पन्नमर्यादेत, मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. या सेवेत खटल्याइतकाच सल्लाही मोडतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे. तेथे जायचे ते सही करण्याच्या आधी, कराराचा मसुदा हातात घेऊन.